किल्ल्यांचा जुडगा

आमच्या फिरत्या दवाखान्याची जुनी व्हॅन मीच चालवायचे. मागे झोपायचे बाक, स्टोव्ह आणि लसींची पेटी. नव्वदच्या दशकात एका पावसाळ्यानंतर ती चालता चालता बंद पडू लागली. किल्ली पुन्हा फिरवली की चालू. प्लग बदलले, कॉइल बदलली, उपयोग झाला नाही.

त्या सकाळी मुरबाडकडच्या पाड्यांवर लसी न्यायच्या होत्या आणि पेटीतला बर्फ दुपारपर्यंतच टिकणार होता. शहापुरातल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलंच नाही. हात पुसून तो शेजारी बसला, न पेटवलेली बिडी कानावर.

"चालवा बाय. ती बंद पडल्याबिगर मी काय सांगू?"

दोन खड्ड्यांत ती दोनदा बंद पडली. तिसऱ्या खड्ड्याला त्याने गाडीच्या किल्लीला लोंबणारा किल्ल्यांचा जुडगा तळहातावर उचलून धरला. गाडी चालूच राहिली.

घर, कपाट, दवाखाना, सगळ्याच्या किल्ल्या मी त्यात ओवल्या होत्या. त्या ओझ्याने किल्ली फिरवायचा स्विच आतून सैल झाला होता.

"सगला संसार तिच्या कानाला टांगला तुमी," तो म्हणाला. "तिला नाय झेपत. तुमाला झेपतो का?"

"मला सवय आहे."

"तीपन तेच सांगत व्हती."

त्याने स्विच घट्ट केला आणि गाडीची किल्ली एकटी सुतळीला बांधून दिली. बर्फ वितळायच्या आत मी पोचले. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

संध्याकाळी घरी कपाटाची किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"माझाही स्विच सैल झालाय," मी म्हणाले.