झोपवलेला संगणक

जया गजभिये आमच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची आणि मी तिथल्या ग्रंथालयात होते. ती इंदोरा वस्तीत राहायची, वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांत. वडील आनंदराव गिरणीत कामाला. छप्पन साली ते बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरी आले तेव्हा जया पाळण्यात होती, आणि पोरगी शिकणार हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. ती शिकलीही. पुढे आई गेली, मग वडील. लग्न राहूनच गेलं. "घरी गेल्यावर दिवा आपणच लावायचा, याची सवय काही होत नाही," असं ती एकदा सहज बोलून गेली होती.

एकोणनव्वद साली एका संस्थेने आम्हाला मांडीवर मावेल असा संगणक दिला. नरखेड तालुक्यात हिंडून विहिरींच्या पाण्याची पातळी त्यात नोंदवायची, हे काम जया आणि रविंद्रकडे आलं. रविंद्र तिच्याच विभागातला. दोघांनी त्यावर अशी प्रणाली बसवली की जिचा सगळा कोड उघडा होता. कुणीही वाचावा, हवा तसा बदलावा. खेड्यात वीज कधी असेल याचा भरवसा नाही. म्हणून बॅटरी वाचवायला, दोन विहिरींच्या मधल्या वेळात संगणक झोपवून ठेवायची सोय त्यांनी स्वतः लिहिली. त्या दिवसांत दोघं कँटीनमध्ये चहा निवेपर्यंत बोलत बसायचे. जयाला इतकं बोलताना मी आधी पाहिलं नव्हतं.

मग रविंद्रला बंगलोरला नोकरी लागली आणि तो गेला.

तो गेल्यावर जया एकटीच एसटीने नरखेडला जाऊ लागली, आणि संगणक त्रास देऊ लागला. झोपवला की उठेना. पडदा उजळायचा, पण कुठलीही कळ दाबा, काही हलायचं नाही. बंद करून पुन्हा सुरू करावा तर त्या दिवसाच्या नोंदी गायब.

विभागप्रमुख गोपाळराव म्हणाले, "सोडा ना मॅडम. कागदावर लिहा, झालं."

तिने सोडलं नाही. बॅटरी बदलून पाहिली, जोडण्या साफ केल्या. स्वतः लिहिलेला भाग पुन्हा तपासला. काही सापडेना. विचारावं असं तंत्रनिकेतनात दुसरं कुणी नव्हतं.

एका विहिरीची मालकीण प्रयागबाई. नवऱ्यामागे संत्र्याची बाग ती एकटी सांभाळायची. त्या दिवशी जयाने नोंद करून संगणक झोपवला, तेवढ्यात बाईने हाक मारली, "पाणी तरी पिऊन जा वं."

पाणी पिऊन जयाने झाकण उघडलं, तर संगणक चक्क उठला. तिला खरंच वाटेना. तिने तो पुन्हा झोपवला.

"आता काय करून राहिली?"

"काही नाही. थांबून पाहते."

"मंग जेवूनच घे. थांबाचंच आहे त उपाशी काहून थांबतं?"

भाकरी खाऊन, भांडी विसळायला हात लावून ती परत आली. झाकण उघडलं. पडदा उजळला आणि तसाच थिजला.

कमी वेळ झोपला तर उठतो, जास्त वेळ झोपला तर नाही. बसमध्ये ती याचाच विचार करत होती. आत माहिती साठवणारी चकती फिरत असते. झोपवल्यावर थोड्या वेळाने तिची मोटर बंद होते. जाग आल्याबरोबर प्रणाली चकतीकडे माहिती मागत असणार. पण चकतीला वेग घ्यायला वेळ लागतो, तोवर उत्तर कुठून येणार? आणि उत्तर येईना म्हणून प्रणाली वाट बघत बसते, दुसरं काहीच करत नाही.

घरी पोचल्यावर तिने कोडमधली ती जागा शोधली. तो भाग रविंद्रने लिहिलेला होता, जायच्या गडबडीत. तिने त्यात एवढंच घातलं: आधी थोडं थांब, उत्तर नाही आलं तर पुन्हा विचार.

पुढच्या खेपेला प्रयागबाईच्या अंगणात संगणक जेवणभर झोपला आणि झाकण उघडताच सकाळच्या नोंदींसकट उठला.

"उठलं का वं तुयं लेकरू?" प्रयागबाईने चुलीपासूनच विचारलं. जया हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. बाईने तिच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

दुसऱ्या दिवशी सदर भागातल्या एसटीडी बूथवरून तिने बंगलोरला फोन लावला. चूक कुणाची होती ते सांगायचं नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं.

"ते डबडं अजून चालू आहे काय?" रविंद्र म्हणाला. "इथे तर किती नवे आले. पण छान केलंस हं. जया, मले आता जावं लागते, मग बोलू."

हे तिने मला दुपारी डबा खाताना सांगितलं. "छान केलंस म्हणाला," एवढं बोलून ती डब्याचं झाकण लावत बसली.

सुधारलेला कोड तिने ती प्रणाली वापरणाऱ्या इतर महाविद्यालयांना पाठवून दिला. रविंद्रचा फोन पुन्हा आला नाही.

उन्हाळ्यात नोंदींचं काम संपलं, संगणक कपाटात गेला. त्यानंतरच्या एका रविवारी जया मला बसस्टँडवर दिसली, नरखेडच्या गाडीपाशी.

"आज कशाची नोंद?" मी विचारलं.

"नोंद नाही," ती म्हणाली. "जेवायले बोलावलं आहे." आणि गाडीत चढून खिडकीशी बसली.