लिफ्टरकडं कोण बघतं!

एकाच माणसाचं कौतुक सलग तीन दिवस ऐकावं लागलं, की किस्से आपोआप साठतात. पोट साफ होण्यासाठी ते कुणाला तरी सांगावे लागतात, म्हणून तुम्हाला सांगतोय.

माणूस म्हणजे आमचा सलीम. शहागडला हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये होतो. सलीम स्मॅशर, मी लिफ्टर. म्हणजे मी चेंडू जाळीवर अलगद उचलून द्यायचा आणि सलीमनं तो हाणायचा. टाळ्या हाणणाऱ्याला! तिसरा किशोर. तो राखीव होता, त्यामुळं त्याची जीभ तेवढी तयार झाली. यंदा विद्यापीठाच्या स्पर्धा जालन्यात होत्या. आम्ही तिघं बघायला गेलो.

मी सलीमवर जळतो. आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी शोध लावायला नको.

*

पहिल्याच दिवशी गेटवर क्रीडाशिक्षक धावत आले. "अरे सलीमभाई! या या!" सावलीतली खुर्ची आली, चहा आला. सलीम म्हणाला, "सर, हे पण आमच्याच टीमचे."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. सलीम चहा घेत होता म्हणून त्याच्या गाडीची चावी माझ्या हातात होती.

"असं का! मग ड्रायव्हरांची सोय तिकडं मांडवात केलीय."

किशोर दुपारपर्यंत हसत होता.

*

हॉलमध्ये जुन्या टीमचे फोटो लावले होते. आमच्या फायनलचाही होता. सलीम हवेत, हात मागं ताणलेला, तोंडावर हिरोचा भाव. फोटोच्या कडेला दोन पंजे दिसत होते. मनगटापासून मागचा सगळा मी फ्रेमच्या बाहेर!

मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो. किशोरनं खांद्यावर हात ठेवला.

"नाराज काहून होऊन राह्यला? नखं कापलेली दिसतात ना? मंग झालं!"

*

दुसऱ्या दिवशी मुलींची मॅच होती. सगळं पब्लिक स्मॅश बघत होतं, मी एकटा लिफ्टरला बघत होतो. बारकीशी पोरगी, पण बोटं काय! कसाही आलेला चेंडू उचलायची आणि जाळीवर बराबर हवा तिथं ठेवायची. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मॅच संपल्यावर मुद्दाम तिच्याजवळ गेलो.

"बेटा, तुझ्यामुळंच जिंकले तुम्ही. मी पण लिफ्टर होतो."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"थँक्यू काका. पुढच्या वर्षी मी स्मॅशर होऊन राह्यले. सरांना सांगून ठेवलंय."

*

माझं घर जालन्यातच, म्हणून संध्याकाळी बायकोनं सलीमला जेवायला बोलावलं. भाकरी आधी त्याला, मटणाचा रस्सा आधी त्याला. वाढता वाढता तिनं विचारलं, "सलीमभाई, तुम्ही खेळायचे तेव्हा हे काय करायचे?"

सलीमचा हात ताटातच थांबला. "वहिनी, हा होता म्हणून मी होतो. ह्यानं चेंडू दिला न्हाई, तर मी नुसता उड्या मारणारा माणूस."

मला वाटलं, चला, आज तरी घरात कळलं!

बायको डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बघा! इतकं नाव झालं, तरी किती मोठं मन आहे माणसाचं!"

आणि रश्शाची दुसरी वाटीही त्यालाच.

*

तिसऱ्या दिवशी फायनलच्या आधी माईकवरून घोषणा झाली. सलीमभाई एक स्मॅश मारून दाखवणार! सलीम मैदानात उतरला आणि त्यानं थेट मला हाक मारली. "माझा लिफ्टर पाहिजे. दुसऱ्याच्या चेंडूवर मी मारत न्हाई."

मी गेलो. चेंडू हातात आला. समोर पाच-सहाशे माणसं, आणि सगळी त्याच्याकडं बघत होती.

मी चेंडू वीतभर खाली दिला. मुद्दाम! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

सलीमनं उडी मारली आणि चेंडू जाळीत हाणला. पोरं खो-खो हसली. मला थंड वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही.

सलीमनं माईक घेतला. "चेंडू बराबर होता. माझेच गुडघे गेले." मग माईक ठेवून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "कळलं मला. घे, आता तू मार. मी देतो."

"मी कधी मारला का?"

"म्हणूनच. उडी मार जल्दी!"

त्यानं चेंडू उचलला. मी डोळे मिटून उडी मारली आणि जीव खाऊन हात फिरवला. फाड्‌कन आवाज आला. डोळे उघडले तर चेंडू पलीकडं, बराबर रेषेच्या आत!

सगळं मैदान उठून उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या! त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या किशोरचा.

"वा सलीमभाई! लिफ्ट काय दिली!"