उमाशंकर सरांचा चंद्र

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवतो आणि उमाशंकर सर फिजिक्स. माणूस लाख मोलाचा, पण अर्धवट खरं शिकवायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. पुस्तकातला चंद्र सगळीकडे सारख्या वजनाचा असतो आणि तो काही सरांना पचत नाही. मग ते भरकटतात आणि पोरं दुसरा क्लास धरतात. यंदा संचालकांनी सांगून टाकलं, बॅच भरली नाही तर शिकवणं बंद, नुसतं शंका सोडवायला बसा. सरांचं तोंड एवढंसं झालं.

आमच्याकडे डेमो तासाला आईबापही मागच्या बाकांवर बसून मास्तर पारखून घेतात. त्या दिवशी सिलॅबसबाहेर एक शब्द बोलणार नाही, असं वचन सरांच्या बायकोनं, बसम्मावहिनींनी, त्यांच्याकडून घरीच घेतलं होतं. अर्धा तास सर शहाण्यासारखे वागले. मग जळकोटहून आलेली आरती नावाची मुलगी उठली. चंद्रावर हवा नाही, तर त्याच्याभोवतीचं यान कायम फिरत राहील ना, असं तिनं विचारलं. मागे तिचे वडील वैजनाथ कान टवकारून बसले होते. मी दारात उभा राहून मनात म्हणत होतो, सर, हो म्हणा आणि मोकळे व्हा.

"न्हाई," सर म्हणाले. "पडतंय ते."

मग काय विचारता! चंद्राच्या काळ्या डागांखाली जड खडक दडलेत, म्हणून ओढ कुठं जास्त, कुठं कमी. जवळून फिरणाऱ्या यानाची वाट त्या हिसक्यांनी लांबट होत जाते आणि काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत, ते जाऊन आदळतं. काही मोजक्या तिरक्या वाटांवर मात्र हे हिसके एकमेकांना सांभाळून घेतात आणि यान टिकतं, एवढं सांगेपर्यंत घंटा झाली. सरांचा शर्ट खडूनं पांढरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिससमोर ही रांग! मास्तर घाम फुटेस्तोवर एखादी गोष्ट सांगतो म्हणजे ती 'नीट'ला येणारच, असा आमच्या गावाचा पक्का समज. सगळ्या होस्टेलांत बातमी गेली. हे परीक्षेला नाही, असं सर ज्याला त्याला सांगत सुटले, तर लोकांची खात्री आणखीच वाढली. बॅच भरली, संचालकांनी पेढे वाटले. मी सरांपुढे हात जोडले, आता तरी गप्प राहा.

कसले राहतात! पहिल्याच तासाला म्हणाले, "चंद्राचं परीक्षेला येत न्हाई. त्याच्यासाठी आलेल्यांनी आजच नाव काढून घ्यावं." आणि खडू ठेवून उभे राहिले.

मुलीला सोडायला आलेले वैजनाथ मागून उठले आणि मला वाटलं, पहिलं नाव हेच काढणार.

"न्हाई आलं तर न्हाई आलं," ते म्हणाले. "पण सर, मी तवापासून इचार करायलोय. कोणत्या वाटंनं गेलं तर ते पडत न्हाई, तेवढं सांगा."

"सत्तावीस अंश तिरकी एक," सर म्हणाले. त्यांनी खडू परत उचलला. "मग पन्नासची. तुमी असं करा, पुढं येऊन बसा."