गल्लीच्या तोंडावरचा कॅमेरा

आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, शेवटचं पाहिलं असेल ते औरंगपुऱ्यातल्या एका कॅमेऱ्यानं. माणसांनी पाहिलंही असेल, पण भर बाजारात एका म्हाताऱ्याकडे लक्ष कोण देतं!

आबांचा उभा जन्म कन्नडकडच्या डोंगरात मेंढरांमागं गेला. त्यांना विसर पडायला लागला तेव्हा भावानं त्यांना आणि आईला शहरात, औरंगपुऱ्यातल्या आपल्या घरी आणलं. इथं त्यांचा जीव रमेना. खिडकीशी बसून एकच घोकणी, "मेंढरं कुणाकडं हायेत? बाजाराला जायचंय." मेंढरं कधीच विकली होती. एका दुपारी आई जरा लवंडली आणि आबा अनवाणीच निघून गेले.

पोलिसांत तक्रार दिली. पण आमची सगळ्यांची खात्री एकच, धनगराचा माणूस जाऊन जाऊन जाणार कुठं? दुसऱ्या दिवशी सकाळीच भावानं आणि मी कन्नड गाठलं. घाटाखालच्या वस्त्या, पाहुणेरावळे, सगळं पालथं घातलं. आठवडी बाजाराच्या दिवशी शेळ्यामेंढ्यांच्या गर्दीत उन्हात उभे राहिलो. आता येतील, मग येतील. कुणी आलं नाही.

आठवड्यानं हात हलवत परतलो तेव्हा कुठं आम्हाला गल्लीच्या तोंडावरचं साड्यांचं दुकान आठवलं. दुकानदार भला माणूस. पूर्वी त्याच्याकडे दोन कॅमेरे होते, आता नवे बरेच लावलेले. घरी बसून मोबाइलवर दुकान बघायचा.

"पहिलं धुरकट दिसायचं, पण महिनाभर राहायचं," तो ओशाळून म्हणाला. "आता लख्ख दिसतंय, पण डिस्क तीच. आठवड्यात भरतीया अन् जुन्यावर नवं चढतंय. मोठी सांगितलीया, पण सगळ्यांनाच पायजे. मिळंना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांना जेवणाच्या ताटांचे फोटो साठवायचेत, वाढदिवस साठवायचेत, वरातीतले नाच साठवायचेत. माझ्या बापाची चार पावलं तेवढी मावली नाहीत. ते डावीकडे वळले की उजवीकडे, एवढंच तर हवं होतं.

"जेवढं जुनं असेल तेवढं दाखवा," मी म्हणाले.

त्यानं मागं मागं नेलं. पडद्यावर सकाळ होती. भाऊ रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होता, शेजारी मी, हातात डब्याची पिशवी. आम्ही कन्नडला निघालो होतो. भावाच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसत होतं.

"अजून मागं घ्या."

"ह्याच्या मागं कायच नाय, ताई."

भाऊ तिथंच फरशीवर बसला.

आबा अजून सापडलेले नाहीत. दुकानदाराची मोठी डिस्क आली, आता म्हणे तीन महिन्यांचं राहतं. आई भाजीला जाताना त्या दुकानासमोर थांबते, पदर सारखा करते आणि कॅमेऱ्याकडे तोंड वर करून उभी राहते. एकदा मी विचारलं, हे काय करतेस?

"मी तरी नीट दिसले पायजे की," ती म्हणाली. "उद्या मला हुडकायची येळ आली तर."