हमीदभाईंची गोठलेली द्राक्षं

नारपोलीतल्या आमच्या चाळीत पहिला फ्रिज आमच्याकडे आला आणि त्याच आठवड्यात शेजारचे हमीदभाई द्राक्षांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. "वहिनी, बर्फाचा खण रिकामा करा." विचारणं वगैरे भानगडच नाही.

उभं आयुष्य जहाजावर खलाशी म्हणून काढून हा माणूस भिवंडीला परतला होता. ते बोलू लागले की लूमवाले ड्युटी विसरून ऐकत आणि मागाहून हसत. मध्यरात्री ऊन पाहिलं, जहाजावर दर ईदेला बायकोच्या आठवणीनं घास उतरला नाही, असलं काय काय सांगत. "निस्त्या थापा," असं त्यांची बायको जैनबभाभीच म्हणे. सगळ्यात मोठी थाप द्राक्षांची. जर्मनीत म्हणे द्राक्षं वेलीवरच ठेवतात, थंडीनं दगडासारखी गोठली की तशीच पिळतात आणि त्या रसाची मधासारखी वाइन करतात.

"बर्फ पिळून पाणीच निघणार ना?" मी वैतागून विचारलं.

"पानी आत गोठून ऱ्हातं वहिनी. गोडवा तेवढा भायेर येतो. दारू त्यांची, आपन रसावर थांबू."

पण भिवंडीची वीज ती. द्राक्षं गोठायच्या आतच जायची, मग पिळल्यावर साधाच रस निघायचा आणि चाळ पुन्हा हसायची. दरवर्षी द्राक्षं आली की हाच तमाशा, आणि माझी पोरं बर्फाविना. शेवटी मी हात जोडले. "मानलं हमीदभाई, तुमचं सगळं खरं. खण सोडा."

त्यांचा चेहरा पडला. "मानू नका वहिनी. चाखा."

त्या वर्षीची पिशवी खणात ठेवली आणि दोन दिवसांत हमीदभाई गेले. मेली वीज नेमकी तेव्हा गेली नाही. पिशवी फेकायला काढली, तर द्राक्षं गोट्यांसारखी वाजली. मला रडूच आलं, आणि रागही. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीमुळे भाभी घराबाहेर पडत नव्हत्या, म्हणून मीच ती पिशवी, फडकं आणि वरवंटा घेऊन त्यांच्याकडे गेले. हात बधिर होईतो दाबलं, तेव्हा वाटीत चमचाभर दाट रस उतरला.

मी बोट लावून चाखलं. मधच. वाटी भाभींपुढे सरकवली.

त्यांनी चाखलं आणि वाटीकडे बघत राहिल्या. "खरं बोलत व्हता," त्या म्हणाल्या. मग थांबून, हळूच, "मंग ईदेचं पन खरंच असंल."