हळूबाई

घाबरण्याच्या बाबतीत हळूबाईंचा हात धरील असं माणूस मला अजून भेटलेलं नाही. ट्यूबलाइट लुकलुकली तरी त्यांचा हात छातीवर जायचा. फोन वाजला की आधी दचकायच्या आणि मग उचलायच्या. आणि अशा बाई कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका परदेशी घड्याळांच्या दुकानात, जिथं दारापासून काउंटरपर्यंत सगळं काचेचं, तिथं सर्वांत महागड्या घड्याळांपाशी वर्षानुवर्षं उभ्या होत्या. आडनाव कांबळे. 'हळूबाई' हे नाव दुकानातल्या आम्हा लोकांचं. ट्रे उचलताना, ड्रॉवर लावताना, कुणी मोठ्यानं हसलं तरी त्यांच्या तोंडून एकच निघायचं, "हळू गं, हळू."

नव्वदच्या दशकात, कॉलेज संपल्या संपल्या मी त्या दुकानात लागले आणि मालकांनी मला त्यांच्या हाताखाली दिलं. त्यांच्या तळहातांना सतत घाम यायचा. कमरेला एक सुती रुमाल खोचलेला असे. घड्याळ काढण्याआधी त्या हात पुसायच्या, ठेवल्यावर पुन्हा पुसायच्या. एकदा म्हणाल्या, "रोज सपनात एक घड्याळ हातातनं सुटतंय बघ. पडतंय, पडतंय, आणि जमिनीला लागायच्या आत जाग येतीया." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पण गिऱ्हाईक त्यांच्याकडंच यायचं. तेव्हा कोल्हापुरात परदेशी घड्याळाचं दुकान म्हणजे अप्रूपच. उसाचं बिल आलेली, लेकाला नाहीतर जावयाला घड्याळ घ्यायला आलेली माणसं काचेच्या दाराबाहेर देवळासारख्या चपला काढायची. आम्ही पोरी आत तोंडाला पदर लावून हसायचो. हळूबाई मात्र दार उघडून बाहेर जायच्या. "पावणं, घालून या की चपला. आत फरशी गार हाय, पाय गारठतील." माणूस चपला घालून आत यायचं ते निम्मं सैल होऊनच. किंमत त्या कधी तोंडानं सांगत नसत. चिठ्ठी गिऱ्हाइकाकडं वळवून स्वतः दुसरीकडं बघत उभ्या राहायच्या. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "किंमत वाचून माणूस दचकतंय. दचकलेलं तोंड दुसऱ्यानं बघू नये."

त्यांना ती नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. यजमान पूर्वी इचलकरंजीला मागावर कामाला होते, तिथं पट्ट्यात हात सापडला आणि घरी बसले. सदर बाजारात एका खोलीत दोघं राहायची. मूलबाळ नव्हतं. मालक रागावतील, काच फुटेल, चोर शिरतील अशा रोजच्या भित्या त्या डब्याबरोबर घरून घेऊनच यायच्या.

एका मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, भर दुपारी दुकानासमोर जीप थांबली. उतरले ते दगडाच्या क्रशरचे मालक, अंगानं दांडगे, बोलणं शांत. आमच्या मालकांनी खुर्चीतून उठून त्यांना हात जोडले, त्यावरून माणूस कोण असेल ते कळलं. बरोबर त्यांच्या पत्नी आणि नवी सून. दोन माणसं दाराशी बाहेर उभी राहिली.

"सुनेला घड्याळ पायजे," ते म्हणाले. "दुकानातलं सगळ्यात भारी. आठ दिवसांनी घरात कार्य हाय, हिच्या माहेरची येणार. त्यांनी बघितलं पायजे, पोरगी कुठं पडलीया ते."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "रुंद पट्ट्याचं दाखवा. चांगलं रुंद."

हळूबाईंनी हात पुसले, ट्रे काढला. मी शेजारी उभी होते. "डावा हात द्या," त्या सुनेला म्हणाल्या. पोरीनं सासूकडं बघितलं आणि हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेल्या. पट्टा बसवायला हळूबाईंनी त्या वर सरकवल्या आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

मनगटाभोवती काळानिळा वळ होता. दोरीचा. एक जुना, पिवळा पडलेला, आणि त्यावर एक नवा.

हळूबाईंच्या ओठांवरचा रंग गेलेला मला दिसला. मला वाटलं, आता ह्या खालीच बसणार. त्यांनी बांगड्या पुन्हा खाली ओढल्या आणि म्हणाल्या, "पट्टा सैल हुतोय. कड्या काढाव्या लागतील. त्याचं हत्यार आतल्या खोलीत हाय."

"मी येते संगं," सासूबाई उठल्या.

"आत जागा न्हाई वैनीसाहेब. आमा तिघींतच दाटी हुतीया. तुमी चहा घ्या की." मालकांनी चहा मागवला, सासूबाई बसल्या. हळूबाईंनी मला नजरेनं खुणावलं. ट्रे घेऊन मीही आत गेले.

दार लोटल्याबरोबर हळूबाईंनी पोरीचा हात दोन्ही हातांत धरला. काही विचारलं नाही. पोरगीच बोलायला लागली, इतक्या हळू की मला पुढं वाकावं लागलं. "चंदगडला भाऊ हाय माझा. फोन करून देत न्हाईत. त्यो भेटाय आला की म्हणत्यात, देवाला गेलीया. कार्याला येईल तवा मला संगं बसवतील आणि हसाय लावतील. त्याच्या आदी कळवा त्याला. घरात फोन न्हाई, शेजारच्या किराणा दुकानात हाय." तिनं नंबर सांगितला.

खोलीत पेन होतं, कागद नव्हता. हळूबाईंनी पेन उघडलं, स्वतःच्या तळहाताकडं बघितलं. तो घामानं चकाकत होता. "माझ्या हातावर ऱ्हायचा न्हाई," म्हणाल्या आणि माझा उजवा हात ओढून त्यावर नंबर लिहिला. मग खरोखरच कड्या काढल्या, पट्टा नीट बसवला. पोरीचे डोळे आपल्या रुमालानं पुसले आणि तिला बाहेर आणलं.

बिल झालं. गॅरंटीचं कार्ड द्यायचं काम माझं. उजवी मूठ घट्ट मिटून मी डाव्या हातानं ते पुढं केलं. क्रशरवाल्यांनी घेतलं नाही. माझ्याकडं बघत राहिले.

"डाव्या हातानं देतीस व्हय?"

मूठ उघडली असती तर आकडे त्यांच्या समोरच होते. तेवढ्यात हळूबाई माझ्या पुढं आल्या. "भाजलाय साहेब तिचा हात. सकाळी तव्यावर." कार्ड माझ्याकडून काढून त्यांनी दोन्ही हातांनी त्यांना दिलं.

"आणि तुमचा का थरथरतोय?"

"एसी सोसत न्हाई मला."

ते गेले. जीप सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघी हललो नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये आम्ही एकमेकींना चिकटून उभ्या राहिलो. नंबर मी फिरवला, रिसीव्हर त्यांनी धरला. किराणावाला भावाला बोलवायला गेला. मीटरचे लाल आकडे पळत होते आणि रस्त्यावरून जाणारी प्रत्येक जीप आम्हाला तीच वाटत होती. भाऊ आला तेव्हा हळूबाई एवढंच म्हणाल्या, "मी घड्याळाच्या दुकानातनं बोलतीया. तुमच्या भैणीला बांधून घालत्यात. कार्याची वाट बघू नका. येताना एकटं येऊ नका." बाहेर आल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि त्यांना उलटी झाली.

भाऊ गावची माणसं आणि पोलीस घेऊन गेला आणि बहिणीला घेऊन आला, हे आम्हाला कळलं ते क्रशरवाल्यांच्याच तोंडून. ते घड्याळाची पेटी घेऊन दुकानात आले आणि पेटी काउंटरवर ठेवली. आवाज नेहमीसारखाच शांत. "सुनेच्या भावाच्या तोंडनं निघून गेलं. म्हणाला, घड्याळाच्या दुकानातनं फोन आलता. कुणी केलता?"

मालक म्हणाले, "आमच्याकडनं असं व्हायचं नाही साहेब." पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी तोंड उघडणार तोच हळूबाईंची टाच माझ्या पायावर जोरात दाबली गेली.

"मी केला," त्या म्हणाल्या.

त्यांनी काउंटरचा आधार घेतला होता आणि काचेवर दोन्ही तळव्यांचे ओले ठसे उमटले होते. क्रशरवाल्यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "घर कुठं तुझं?"

कुणीही काहीतरी खोटं सांगितलं असतं. हळूबाईंनी पत्ता सांगितला. सदर बाजार, कुठली गल्ली, कुठल्या घरामागची खोली, सगळं बरोबर. मी नंतर विचारलं, असं का केलंत. त्या म्हणाल्या, "खोटं सांगायचं सुचायला डोकं जाग्यावर लागतंय की गं."

मालक वाईट माणूस नव्हते, पण तेही भ्यालेच. "बाई, चार दिवस घरी बसा," म्हणाले. पुन्हा बोलावणं आलं नाही.

पुढचे काही आठवडे मी दर रविवारी त्यांच्या खोलीवर जात असे. गल्लीच्या तोंडाशी एक जीप उभी असायची. आत दोन माणसं, काही बोलायची नाहीत, काही करायची नाहीत. हळूबाईंनी दाराला आतून पाटा लावून ठेवलेला असे. दार वाजवल्यावर आधी मी माझं नाव सांगायचं, मग पाटा सरकल्याचा आवाज यायचा. एकदा त्यांचे यजमान चिडून म्हणाले, "कुणाची कोण पोरगी. काय मिळालं तुला?" हळूबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "भितीनं मरतीया की मी. आनी काय सांगू?" मग जरा वेळानं मला हळूच विचारलं, "पर ती नीट असंल न्हवं? परत तर नसंल नेली?" चंदगडला पुन्हा फोन करायचं धैर्य त्यांना नव्हतं. आपल्या फोनमुळं तिथंही जीप उभी राहील, असं त्यांना वाटे.

जीप एके दिवशी यायची थांबली. का थांबली ते कुणालाच कळलं नाही. पण त्यांना झोप येईना. पाऊस लागला तसं त्यांनी खोली सोडली. इचलकरंजीला दिराकडं जायचं ठरलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्याच बूथमध्ये गेले आणि नंबर फिरवला. तो मला पाठ झाला होता. किराणावाल्यानं "थांबा" म्हणून हाक मारायला माणूस धाडला. बराच वेळ गेला. मीटर पळत होता. मग धापा टाकत एका बाईचा आवाज आला. मी कोण ते सांगितलं.

तिथून मी स्टँडवर धावत गेले. इचलकरंजीची गाडी लागली होती. हळूबाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर बोचकं, शेजारी यजमान. मी खाली उभी राहून सांगितलं, "बाई, मी फोन केला. तीच आली फोनवर."

त्यांनी गज धरले. "काय म्हणाली?"

"म्हणाली, भाताचं रोप लावालोय आमी. शेतातनं आलोय, हात चिखलात हाईत, म्हणून उशीर झाला. बाईंना सांगा म्हणाली."

"चिखलात?"

"कोपरापर्यंत, म्हणाली."

"आनी बांगड्या?"

"ते नाही विचारलं मी."

गाडी सुरू झाली. हळूबाई बोचक्यावर तोंड टेकून रडायला लागल्या. यजमान गोंधळून एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते, आणि मग त्यांनी आपला अधू हात त्यांच्या पाठीवर ठेवला.