ग्लोव्ह बॉक्समधला दुसरा हात

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. चंद्रपूरला आमचं इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान आहे. काही बंद पडलं की आमच्या घरी आधी टर्मिनल घासतात, ताविज शोधत नाहीत. तेव्हा कॉमेंटमध्ये मला अक्कल शिकवू नका. हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी इथल्याच एका कॉलेजात पीएचडी करत होतो. विषय — धानाच्या टरफलांपासून सोडियम बॅटरीसाठी कार्बन बनवणं. खरं तर विषय विलासचा. तो गोंडपिपरीकडच्या शेतकरी घरातला. राइस मिलमधून टरफलांची पोती त्यानेच वाहिली, भट्टीचं नेमकं तापमानही त्यानेच शोधलं. मग गाईडशी त्याचं वाजलं आणि सरांनी त्याला हाकललं. जाताना मला म्हणाला, "माहे सेल तपासजो भाऊ. फेकून नोको देजो."

मी हो म्हणालो.

त्याचे पहिले सेल तपासले तर असे निघाले की सरांचे डोळे चमकले. "राहिलेल्या सेलच्या ट्रेवरच्या त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या काढ, तुझ्या लाव. पेपर तुझ्या नावाने जाईल." मला राग यायला हवा होता... नाही आला. चार वर्षं घासत होतो, हाती काही लागलं नव्हतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारचे साडेबारा, लख्ख उजेड. ग्लोव्ह बॉक्स म्हणजे काचेची हवाबंद पेटी, आत आर्गॉन वायू. बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालून आत काम करायचं. आतला दाब जास्त, म्हणून रिकामे हातमोजे नेहमी बाहेर फुगलेले असतात, म्हशीच्या भरल्या सडांसारखे. आमच्या पेटीला अशा दोन जोड्या होत्या.

मी एका जोडीत हात घातले, आत ठेवलेला विलासचा ट्रे ओढला आणि पहिली चिठ्ठी चिमट्याने सोलायला घेतली. मागे शालूबाई फरशी पुसत होत्या. त्या थांबल्या.

"इमरानभाऊ, ते बाजूचे हातमोजे आत कशे गेले जी?"

शेजारची जोडी आत होती. भरलेली, कोपरात वाकलेली. शेजारचं स्टूल रिकामं. दाब मी पाहिला, बरोबर होता.

मी काही बोलायच्या आत त्यातल्या एका हाताने माझं मनगट पकडलं. रबराच्या दोन थरांतूनही बोटं गरम लागत होती. असा हिसका बसला की खांद्यापर्यंत आत गेलो, गाल काचेवर चेपला. तो जो कोण होता, त्याला माझा हात मोडायचाच होता. एवढा राग मी कुणाच्या हातात अनुभवलेला नाही.

"सोडा ना ते! ट्रे सोडा!" शालूबाई ओरडल्या.

मी चिमटा टाकला. पकड सुटली. फट्कन आवाज झाला आणि ती जोडी बाहेर येऊन पुन्हा फुगली.

बाहेर व्हरांड्यात जाऊन विलासला फोन लावला. का, ते माहीत नाही. फक्त "कसा आहेस?" एवढंच विचारलं.

"बांधीत धान कापून राह्यलो," तो म्हणाला. आवाज चढलेला. "आत्ताच धानाची मूठ धराले गेलो, त मुठीत रबर आलं. गार. अन् रबराच्या आत कोनाचा त हात." मग म्हणाला, "माह्या चिठ्ठ्या काढून राह्यला ना बे तू?"

मी म्हणालो, "नाई."

त्या ट्रेला मी पुन्हा हात लावला नाही. पण पेपरला त्याची गरजच नव्हती... आधीच्या सेलचा डेटा होता. पेपर छापून आला. पहिलं नाव माझं, दुसरं सरांचं. विलासचं कुठेच नाही. भीती वाटत होती, लाजही वाटत होती, तरी छापायला पाठवताना लेखकाच्या फॉर्मवर मी सही केली होती.

पेटी दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरने सगळं उघडून पाहिलं, कुठेही गळती नाही. दाब तसाच असताना एक जोडी आत जाऊच शकत नाही, असं तो म्हणतो. पेपर आल्यावर विलासला एकदाच विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं रे?

तो म्हणाला, "सोडाले नोको होता मी तुहा हात."